उठायच्या आधीची नाडी

बाजारात त्यांना सगळे चाळीसअण्णा म्हणत. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण ती पाटी कधीच गंजून गेली होती आणि वाचायची गरजही कोणाला पडत नव्हती. नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, दुकानाला चाळीस वर्षं झाली असतील, नाहीतर म्हातारा चाळीस सायकली भाड्याने देत असेल. तसलं काही नव्हतं. चाळीस हा अण्णांच्या नाडीचा आकडा होता. मिरवायला दुसरं काही हाताशी नसलं की माणूस आकडासुद्धा मिरवतो.

तरुणपणी अण्णा सायकलच्या लांब पल्ल्याच्या शर्यतींत उतरायचे. एका शर्यतीच्या आधी खेळाडूंची तपासणी होती. तंबूतल्या डॉक्टरने अण्णांचं मनगट धरलं, घड्याळाकडे पाहिलं, पुन्हा धरलं आणि विचारलं, "चाळीस! अहो, जागे आहात ना?" तंबूत हशा पिकला आणि नाव पडलं. त्या शर्यतीत अण्णा कितवे आले, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. घरात कोणी विचारण्याची सोय नव्हती.

घर म्हणजे दुकानाच्या वरच्या दोन खोल्या आणि मधला उभा लाकडी जिना. खाली ट्यूब, ग्रीस, सोल्युशनचा वास, वर स्टोव्हचा. अण्णा, आई, मोठा मुलगा आणि त्याच्यानंतर आठ वर्षांनी झालेली मुलगी, असे चौघे. मुलाला सगळे दादा म्हणत आणि मुलीला धाकटी. धाकटी पुढे चाळिशी ओलांडून गेली, तरी धाकटीच राहिली.

त्या घरात सकाळी डोळे उघडले तरी पाय जमिनीला लावायचा नाही, असा अण्णांचा हुकूम होता. आधी नाडी. अण्णा स्वतःची मोजायचे, मग घड्याळ घेऊन मुलांच्या अंथरुणाशी यायचे. "उठायच्या आधीची नाडीच खरी," ते सांगायचे. "एकदा माणूस उठला की ती खरं बोलत नाही. मग मोजून काय उपयोग?" ज्याची नाडी सगळ्यांत संथ, त्याला चहाचा पहिला कप. म्हणजे रोज अण्णांना. दुसरा दादाला. तिसरा धाकटीला. अण्णांचा न्याय असा काटेकोर होता की त्यात वर्षानुवर्षं फरक पडला नाही.

आईची नाडी त्यांनी कधी मोजली नाही. मोजणार तरी कशी? सगळ्यांनी डोळे उघडायच्या आधीच उठून तिने खालच्या नळावरून वरपर्यंत पाण्याच्या बादल्या आणलेल्या असायच्या. धाकटीने एकदा विचारलं होतं, "आणि आईची किती?"

"ती उठलीय की," अण्णा म्हणाले. ते खरंच होतं. आई तेव्हा त्यांचाच पहिला कप गाळत होती.

धाकटी नऊ वर्षांची असताना तिची नाडी अठ्ठ्याऐंशी भरली. अण्णांनी मनगट असं सोडलं, जणू हातात नासकं काही आलं असावं. "ही बघ," त्यांनी आईला हाक मारली, "आपल्या घरात शिवणयंत्र जन्माला आलंय." दादा पोट धरून हसला. त्याची नाडी पंचावन्न होती आणि हसायचा हक्क त्याने कमावला होता. त्या दिवसापासून धाकटीच्या छातीविषयी निकाल लागून गेला. हिचं हृदय हलक्या मालाचं, ही दमाच्या कामाची नाही.

धाकटीने तो निकाल मुकाट्याने मान्य केला असं नाही. एक अख्खं वर्ष ती शाळेमागच्या मैदानावर संध्याकाळी जीव खाऊन धावली. सकाळी अण्णांची पावलं ऐकू आली की श्वास रोखून, डोळे मिटून, मेल्यासारखी पडून राहायची, म्हणजे नाडी उतरेल. पण आपली पाळी येतेय या धास्तीनेच काळीज पळायला लागायचं. अण्णा मनगट धरायचे तेव्हा तर ते गळ्याशी आलेलं असायचं. "नव्वद," अण्णा म्हणायचे. "उठ आता." एकदा, फक्त एकदा पहिला कप आपल्याला मिळावा, एवढंच तिला हवं होतं. माणसाच्या इच्छा लहान असल्या म्हणून त्या पुऱ्या होतात असं थोडंच आहे?

शर्यतीची सायकल अर्थातच दादाला मिळाली. अण्णांनी स्वतःच्या हाताने बांधलेली, एकेक स्पोक कसलेली. धाकटीला काम मिळालं शर्यत संपते तिथे घड्याळ घेऊन उभं राहायचं. दादा आला की धाप टाकत खांबाला टेकायचा आणि ती त्याचं मनगट धरायची. नाडी अशी उसळत असायची की मोजताना जीभ अडखळायची. मग दादा नुसता उभा राहायचा, आणि पाहता पाहता ठोके मागे पडायला लागायचे. चढावर तापलेली सायकल सपाटीला यावी तसे. अण्णा जमलेल्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "बघितलंत? लागली की भराभर चढते, थांबला की भराभर उतरते. याला म्हणतात सायकलपटूची छाती. ब्रेक पक्का, पण सुटायलाही हलका." धाकटीने हे इतक्या वेळा ऐकलं की तिला ते पाठ झालं. ज्यांनी पाठ करून घेतलं, ते पुढे विसरले.

पुढचं सगळं जगात होतं तसंच झालं. दादा खेळाडूंच्या कोट्यातून दूरच्या शहरात नोकरीला लागला, खुर्चीत बसला आणि त्याचं पोट सुटलं. शर्यतीची सायकल दुकानात खुंटीला टांगली गेली. अण्णांचा गुडघा कामातून गेला. त्यांनी सायकल सोडली आणि दुकानाच्या दारात स्टूल टाकून बसले. वाकड्या चाकाचा आउट काढणं, फ्रीव्हील उघडणं, गिऱ्हाइकांच्या शिव्या खाणं हे सगळं आपोआप धाकटीच्या अंगावर आलं. सुट्या भागांसाठी तिला रोज गावाच्या दुसऱ्या टोकाला जावं लागे. मालवाहू सायकलला मागे रिम, टायर बांधून ती टेकडीचा चढ न उतरता चढायची. त्याला कोणी शर्यत म्हटलं नाही. स्थळं आली, काळे हात पाहून गेली. दुकान चालायला हवं होतं आणि ते तिच्याशिवाय चालत नव्हतं.

अण्णांची नाडी मात्र हळूहळू वर यायला लागली. पन्नास. साठ. पुढे त्यांनी आकडा सांगणंच सोडलं आणि सकाळचा नियम न बोलता बंद पडला. नाडीबरोबर त्यांची जीभही चढली. चहा गार, पाना जागेवर नाही, धाकटीला अक्कल नाही, हाच दिवसभर पाढा. त्याच काळात आई गेली. तीही सकाळीच, सगळ्यांच्या आधी उठून. लोक म्हणाले, काही त्रास नव्हता हो त्यांना. कोणी कधी मोजलं असेल तर कळणार ना.

आणि मग, आई जाऊन काही वर्षं झाल्यावर, एका सकाळी वरून अण्णांची हाक आली. "अगं ए! घड्याळ आण!" धाकटी हातातलं टाकून धावत वर गेली. अण्णा अंथरुणात बसले होते, दोन बोटं मनगटावर, चेहरा पोरासारखा. "त्रेचाळीस," ते म्हणाले. "परत आली बघ." आठवडाभरात ती चाळीसवर आली.

त्या दिवसांत घराला जणू दुसराच माणूस मिळाला. अण्णा गाणं गुणगुणायला लागले. धाकटीला नावाने हाक मारायला लागले, जे तीच विसरत चालली होती. समोरच्या कुलूपवाल्यापासून कोपऱ्यावरच्या न्हाव्यापर्यंत सगळ्यांसमोर त्यांचं मनगट पुढे असायचं. "मोजा, मोजा. या वयात! हाडात मुरलेली गोष्ट आहे, ती जात नाही." कुलूपवाला त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवायचा, "अण्णा, पुढच्या शर्यतीला नाव द्या आता." अण्णांनी खुंटीवरची सायकल उतरवून पुसायला घेतली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी धाकटीला विचारलं, "तू जेवलीस का?" तिला तेव्हा रडू आलं. त्याचा तिला अजून राग येतो.

पण अण्णा पुसता पुसता मध्येच थांबायचे, डोळे मिटून भिंत धरायचे. पायांवर सूज होती. जिन्यात अर्ध्यावर त्यांना अंधारी यायची. एका दुपारी ते वर पोचले तेव्हा ओठ काळपट पडले होते. तरी हात पुढे केलाच. "मोज. जिना चढून आलोय. किती?"

धाकटीने मोजली. "चाळीस."

"बघ! जिना चढूनसुद्धा चाळीस! हलली नाही जागची. आहे का कोणाची छाती अशी?"

ती त्यांच्याकडे पाहतच राहिली. शर्यतीनंतर दादाचं मनगट तिच्या बोटांखाली कसं उसळायचं, ते बोटांना अजून आठवत होतं. "अण्णा," ती म्हणाली, "दादाची तर चढायची. तुम्हीच सांगायचात, लागली की चढते, थांबला की उतरते. तुमची चढत का नाही?"

अण्णांच्या चेहऱ्यावरचा तो नवा माणूस तिथल्या तिथे निघून गेला. "अठ्ठ्याऐंशीवाल्यांनी मला शिकवू नये," ते म्हणाले.

तिने संध्याकाळी दादाला फोन लावला. दादा फोनवरच खूश झाला. "अगं, अण्णांचं हृदय आहे ते. आपल्यासारख्यांचं नव्हे. उगाच डॉक्टरांच्या दारात नेऊन घाबरवू नकोस त्यांना. आनंदात आहेत ना? मग झालं तर." आपल्यासारख्यांचं, असं तो पहिल्यांदाच म्हणाला होता. पण ते तिला वर घेण्यासाठी नव्हतं, स्वतःच्या पोटाकडे पाहून होतं. धाकटीने फोन ठेवला. मरू देत तिकडे, असं तिच्या मनात आलं. खरंच आलं. त्या चाळीसच्या कौतुकात जायचं असेल तर जाऊ देत. मग जिन्यात धपकन आवाज झाला. अण्णा पायरीवर बसले होते, कठडा दोन्ही हातांनी धरून, आणि ती धावली.

शेवटी तिने त्यांना नेलं ते खोटं बोलून. "हृदयाच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना बघायचंय म्हणे, या वयात चाळीस कशी राहते ते." अण्णा लगेच तयार झाले. क्लबची जुनी जर्सी ट्रंकेतून काढून घातली. पोटावर ती अशी ताणली गेली की छातीवरचं चाकाचं चित्र लांबट दिसायला लागलं.

डॉक्टरबाई दादापेक्षा लहान होत्या. त्यांनी छातीला तारा लावून कागदावर आलेख काढला. मग अण्णांना बाहेरच्या लांब बोळातून दोनदा फिरून यायला सांगितलं आणि पुन्हा मोजलं. अण्णांनी विजयाने विचारलं, "किती?"

"चाळीसच," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांच्या कपाळाला आठी होती. "काका, तुम्ही काय काम करता?"

"सायकलचं दुकान आहे. आणि शर्यती मारायचो."

"मग तुम्हाला पटकन कळेल. मेंदूकडून हृदयाला दोन प्रकारच्या नसा येतात. एक पळवते, एक आवरते. म्हणजे ब्रेक. रोज दम लागेपर्यंत सायकल मारणाऱ्याचा ब्रेक हळूहळू मजबूत होतो आणि हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं. म्हणून विश्रांतीत नाडी संथ. पण तो पायडल मारायला लागला की तोच ब्रेक झटकन सुटतो आणि नाडी धावते. तुमचीही तरुणपणी तशीच होती."

"तेच तर म्हणतो मी," अण्णा म्हणाले.

"आताची तशी नाही. तुमचा ब्रेक लागलेला नाही, काका. चेन उतरलीय. वरचा कप्पा पायडल मारतोय, तो हुकूम खालच्या कप्प्याला पोचतच नाही. खालचं चाक आपलं आपण कसंबसं फिरतंय. म्हणून तुम्ही जिना चढा नाहीतर झोपा, चाळीसच. कधीही थांबेल ते. आजच दाखल व्हा. कॉलरच्या हाडाखाली एक छोटं यंत्र बसवू, ते नाडी साठच्या खाली जाऊ देणार नाही."

अण्णांनी विचारलं, "आणि माझी खरी चाळीस? ती कधी गेली?"

"सायकल सोडलीत तेव्हाच. काही महिन्यांत उतरायला लागते ती ताकद. ती रोज कमवावी लागते."

"हाडात मुरत नाही?"

"नाही."

यंत्रापेक्षा हे जास्त लागलं. जर्सीतले अण्णा एकदम म्हातारे दिसायला लागले. धाकटीला त्यांची दया यायला लागली होती, तेवढ्यात त्यांनी तिच्याकडे बोट केलं. "बिघाड शोधायचाय तर हिच्यात शोधा. हिची लहानपणापासून अठ्ठ्याऐंशी-नव्वद."

"लहानपणापासून म्हणजे?"

"नऊ वर्षांची होती तेव्हा मीच मोजली होती."

डॉक्टरबाई हसल्या. "अहो काका, त्या वयात सगळ्याच मुलांची तेवढी असते. मूल जितकं लहान, तितकी नाडी जलद. वाढेल तशी आपोआप उतरते."

"हिच्या भावाची पंचावन्न होती."

"भाऊ मोठा असेल."

"आठ वर्षांनी," धाकटी म्हणाली.

डॉक्टरबाईंना काय झालं ते कळायचं कारण नव्हतं. त्यांना वाटलं, थोडा विनोद झाला. "द्या हात, आता किती आहे ते बघू," त्या म्हणाल्या. धाकटीने हात मागे घेतला. "नको," ती म्हणाली. एवढ्याशा गोष्टीवर तिचा जन्म गेला होता. ती सगळ्यांत लहान होती, एवढाच तिचा दोष. पाच मिनिटांत कुठल्याही डॉक्टरला विचारता आलं असतं. अण्णांनी विचारलं नाही, आणि तिनेही नाही.

अण्णा दाखल व्हायला तयार होईनात. "साठ घेऊन बाजारात कुठल्या तोंडाने बसू?" ते घरी येताना म्हणाले. "ते यंत्र चाळीसवर लावून देत नाहीत का?" ते गंमत करत नव्हते. दुकानात येऊन ते स्टुलावर बसले. दादाचा फोन आला, दुसऱ्या डॉक्टरला दाखवून घ्या म्हणाला.

धाकटीने फोन त्यांच्या हातातून घेऊन बंद केला. "चेन उतरलेली सायकल मी गिऱ्हाइकाला दिली असती तर तुम्ही काय केलं असतं?" तिने विचारलं. "पाना फेकून मारला असता मला. एकदा मारलाय. मग तुम्ही कसे निघालात असल्या सायकलवर?" तिचा आवाज इतका चढला की कुलूपवाला दारात आला. "मरायचं असेल तर मरा. पण चाळीसच्या नावाने मरू नका. ती तुमची राहिलेली नाही."

अण्णांनी जर्सी काढली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते दवाखान्यात दाखल झाले.

यंत्र बसलं. पायांची सूज उतरली, जिना चढता यायला लागला. बाजार काही दिवस आदराने गप्प राहिला, मग न्हाव्याने "साठअण्णा" म्हणून पाहिलं आणि ते रुजलं नाही. शर्यतीची सायकल पुन्हा खुंटीला गेली. दवाखान्यातल्या त्या अठ्ठ्याऐंशीच्या गोष्टीबद्दल अण्णा एक शब्द बोलले नाहीत. आपण वाट पाहिली नाही, असं धाकटी सांगते. पाहिली होती.

मग एका सकाळी ती स्टोव्हपाशी असताना आतून हाक आली. "इकडे ये जरा." ती दारात गेली. अण्णा अंथरुणात टेकून बसले होते. एका हातात ते जुनं घड्याळ. दुसरा हात पुढे केलेला, तळवा वर, जसा पूर्वी दादाच्या अंथरुणाशी व्हायचा.

"दे हात," ते म्हणाले. आवाज अवघडलेला होता. "बघू किती आहे तुझी."

धाकटी हातात त्यांचा कप घेऊन उभी राहिली. खाली नळावर जाऊन आली होती, पाणी भरलं होतं, चहाचा पहिला कप तिचा केव्हाच पिऊन झाला होता. आई गेल्यापासून ती तो रोज एकटी, उभ्यानेच प्यायची, आणि त्याची चव तिला कधी लागली नव्हती.

"मी उठून खूप वेळ झाला, अण्णा," ती म्हणाली. "आता मोजून काय उपयोग?"

तिने कप त्यांच्या उशाशी ठेवला आणि जिना उतरली. छाती धडधडत होती, ती तिने मोजली नाही. खाली दुकानाचं शटर वर गेल्याचा खडखडाट झाला, तरी अण्णांचा हात तसाच पुढे होता.